क्रमाने साधते ते

वर्धमान पिप्पली रसायनाचा क्रम आपणा सर्व वैद्यांना परिचित आहे. बलवान व्यक्तीस पहिल्या दिवशी १० पिप्पली, पुढे प्रतिदिनी दहा-दहाने वृद्धी, दहाव्या दिवशी १००. मग त्याच क्रमाने ऱ्हास. १९ दिवसांत १००० पिप्पलींचा प्रयोग पूर्ण होतो. एकाच दिवशी हजार पिप्पली देण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही. अहितकर सवयी सोडण्यासाठी चरकसंहितेत सांगितलेला पादांशिक क्रमही चौथाई-चौथाईनेच चालतो.

रुग्णास आपण हे तत्त्व आवर्जून सांगतो. स्वतःच्या कार्यात ते कितपत पाळतो?

व्यवसायाच्या आरंभी प्रत्येक रुग्णाची सविस्तर नोंद ठेवण्याचा संकल्प मी केला होता. गर्दी वाढताच तीन महिन्यांत ती वही मिटली. त्यानंतर आमवाताचे कितीतरी रुग्ण पाहिले. परंतु कोणत्या अवस्थेत, कोणत्या कल्पाने, किती काळात उपशय मिळाला, हे आज केवळ स्मृतीवरून सांगावे लागते. अशा कथनास प्रमाण कोण मानील?

आता दररोज एकच रुग्णपत्रक पूर्ण लिहितो : नाडी, अग्नी, कोष्ठ, औषधयोजना आणि पुढील भेटींतील उपशय-अनुपशय. अपयशाचीही नोंद करतो. वर्षाकाठी सुमारे ३०० पत्रके होतात.

वैद्यमित्रहो, आयुर्वेदाकडे पुरावा मागणाऱ्यांवर रोष धरून काही साधणार नाही. तो पुरावा आपल्याच चिकित्सालयात रोज निर्माण होतो आणि नोंदीअभावी रोज नष्टही होतो. आज रात्री चिकित्सालय बंद करण्यापूर्वी एक पत्रक लिहावे, उद्या दुसरे.