क्लबाचा परवाना आणि क्लबाचे दार

१४ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्रातील हॉटेल आणि बारमालकांनी एक दिवसाचा बंद पाळला. बारमध्ये मिळणाऱ्या मद्यावरील व्हॅट ५ वरून १० टक्के झाला, परवाना शुल्क १५ टक्क्यांनी वाढले आणि जूनमध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्कही चढवले, ही त्यांची तक्रार होती. त्या दिवसांत दोनच सूर ऐकू आले. एक म्हणत होता, धंदा बुडेल. दुसरा म्हणत होता, दारू महाग झाली तर बरेच. आपल्या समाजात दुसऱ्या सुराला माना जास्त डोलल्या, आणि त्याचे कारण उघड आहे. पगाराच्या दिवशी गुत्त्यावर जाणारा पैसा कोणत्या घरांतून जातो, हे आम्हाला कोणी सांगायला नको.

या गदारोळात परवान्याचा एक प्रकार मात्र फारसा कोणाच्या तोंडी आला नाही. तो म्हणजे क्लबाचा परवाना. त्याबद्दल बोलायला हवे असे आम्हाला वाटते, कारण त्यात दारूपेक्षा मोठा प्रश्न आहे. 'आमचे खासगी आहे' असे म्हणून कोणाकोणाला बाहेर ठेवता येते, हा तो प्रश्न.

आपल्याकडचा मूळ कायदा दारूबंदीचा आहे, १९४९ चा. म्हणजे कागदावर बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद. देशी दारूच्या दुकानाला सीएल-३, वाइन शॉपला एफएल-२, परमिट रूमला एफएल-३ आणि क्लबाला एफएल-४ अनुज्ञप्ती लागते. वस्तीतले दुकान बंद करायचे तर बायाबापड्यांना सह्या गोळा कराव्या लागतात, मग उभी बाटली की आडवी बाटली असे मतदान होते, आणि तेवढे करूनही कित्येकदा आकडा पुरा होत नाही. जिमखान्याच्या बारवर अशी चर्चा कधी झडत नाही. तो समाजाचा प्रश्न मानलाच जात नाही, तो सभासदांचा घरगुती मामला ठरतो.

यामागचा तर्क समजून घेतला पाहिजे. दहा जणांनी वर्गणी काढून किराणा आणला आणि आपसात वाटून घेतला, तर त्यात कोणी कोणाला काही विकले का? नाही, माल सगळ्यांचाच होता. क्लबाचेही तसेच, असे हा तर्क सांगतो. सभासद हेच मालक आणि तेच गिऱ्हाईक. कलकत्ता क्लबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये हेच तत्त्व मान्य केले आणि क्लबाने सभासदांना दिलेल्या वस्तूंवर विक्रीकर लागू होत नाही असे ठरवले. तो निकाल कराचा होता, परवान्याचा नव्हे. बारसाठी परवाना लागतोच. पण क्लब म्हणजे दुकान नव्हे, ते एक मोठे घर आहे, ही समजूत दोन्हीकडे एकच आहे.

ही समजूत इंग्रजांकडून आलेली, म्हणून त्यांच्याकडे तिचे पुढे काय झाले ते पाहू. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या परवाना कायद्याने क्लबांसाठी पबपेक्षा वेगळी वाट ठेवली आहे. पबला परवाना लागतो, क्लबाला प्रमाणपत्र. ते स्वस्त आणि सोपे पडते, बारसाठी स्वतंत्र परवानाधारक व्यक्ती नेमावी लागत नाही. बदल्यात अटी आहेत आणि त्या मुद्द्याच्या आहेत. किमान २५ सभासद हवेत. नाव सुचवल्यापासून सभासदत्व मिळेपर्यंत निदान दोन दिवस गेले पाहिजेत, म्हणजे दारात आलेल्याला तिथेच पावती फाडून आत घेता येत नाही. दारूची खरेदी निवडून आलेल्या समितीच्या हाती असली पाहिजे. त्या खरेदीवर कोणालाही दलाली घेता येत नाही, आणि बारचा नफा कोणा एकाच्या खिशात जाता कामा नये. थोडक्यात, सवलत हवी असेल तर तुम्ही खरोखरच क्लब आहात हे सिद्ध करा.

या क्लबांमध्ये सगळे काही साहेबी नव्हते. गिरणी आणि गोदी कामगारांच्या क्लबांचा महासंघ १८६२ मध्ये हेन्री सॉली नावाच्या पाद्र्याने उभा केला. तो मद्यपानाचा विरोधक होता. कामगारांनी पबाऐवजी क्लबात यावे, वाचावे, चर्चा करावी, चहा प्यावा अशी त्याची इच्छा होती. काही वर्षांतच बिअरला वाट द्यावी लागली, नाहीतर क्लबात कोणी फिरकेना. आपल्याकडच्या व्यायामशाळा आणि वाचनालये चालवणाऱ्या जुन्या कार्यकर्त्यांना ही कहाणी ओळखीची वाटेल.

पण कामगारांचा क्लब असो की साहेबांचा, दाराशी दोघांचे वागणे एकच निघाले. ब्रिटनमध्ये १९६८ चा वंशभेदविरोधी कायदा आला. त्यानंतर लंडनच्या ईस्ट हॅम भागातील हुजूर पक्षाच्या क्लबात एका भारतीय माणसाने अर्ज केला. तो त्या पक्षाचा सदस्यही होता. समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षाने आपले निर्णायक मत त्याच्या विरोधात टाकले. अर्जदाराचा रंग विचारात घेण्यासारखा आहे, असे त्याने उघड सांगितले. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १९७३ मध्ये निकाल लागला की क्लब सभासदांची खरोखर निवड करत असेल तर तो खासगी आहे, त्याला हा कायदा लागू नाही. पुढच्याच वर्षी प्रेस्टनच्या गोदी कामगारांच्या क्लबाबाबत तसाच निकाल आला. तिथे तर महासंघाच्या इतर क्लबांचे लाखो सभासद पाहुणे म्हणून येऊ शकत होते. तरीही क्लब खासगीच ठरला, आणि अडवला गेलेला माणूस काळा होता.

म्हणजे बघा, ज्या खासगीपणामुळे क्लबाला दारूच्या नियमांत सूट मिळत होती, तोच खासगीपणा रंगभेदाची ढाल झाला. संसदेला ते खटकले. १९७६ च्या कायद्याने २५ किंवा त्याहून अधिक सभासदांचे क्लब भेदभावबंदीखाली आणले, आणि २०१० च्या समता कायद्यातही ती मर्यादा २५ चीच आहे. दारूच्या प्रमाणपत्रालाही आज २५ सभासदच लागतात. म्हणजे प्रमाणपत्रावर बार चालवण्याएवढा मोठा क्लब समतेचा कायदा पाळण्याएवढाही मोठा असतो. हा योगायोग असेल, पण फार उपयोगाचा आहे.

तिथेही आपला प्रश्न अर्धाच सुटला आहे. २०१० च्या कायद्यात जातीचा समावेश करण्याचा अधिकार मंत्र्यांना दिला, २०१३ मध्ये संसदेने ते त्यांचे कर्तव्य केले, आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने सांगून टाकले की वेगळी तरतूद करणार नाही, न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत. ब्रिटनमधील आंबेडकरी आणि बौद्ध संघटना यासाठी वर्षानुवर्षे झटल्या. गोऱ्याला रंगावरून दार लावता येत नाही हे कायद्याने स्पष्ट केले, जातीवरून लावता येत नाही हे मात्र अजून खटला लढून दाखवावे लागते.

आता आपल्याकडे. पळवणकर बाळू हे नाव या वाचकांना नवे नाही. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर मैदानाची देखभाल करणारा हा चर्मकार समाजातला तरुण आपल्या काळातला अव्वल गोलंदाज झाला. हिंदूंच्या संघाला त्याची गोलंदाजी हवी होती, पण चहा त्याला पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. त्याचा भाऊ विठ्ठल हिंदूंचा कर्णधार व्हायला १९२३ साल उजाडावे लागले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर धर्माच्या नावाने ओळखले जाणारे जिमखाने सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभे राहिले. ते आज कोणाला नाकारतात, असा आरोप आम्ही करत नाही. नाकारले तर विचारायचे कोणाला, एवढेच आम्ही विचारतो.

संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची सार्वजनिक ठिकाणे यांची नावे आहेत. क्लबाचे नाव नाही. संविधान सभेत बाबासाहेबांनी 'दुकान' या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावा असे सांगितले होते आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा आधारही घेतला. पण त्याच न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवू दिले. म्हणजे सभासदांच्या क्लबाविरुद्ध उद्या कोणी गेले, तर निकाल काय लागेल हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

इथे परवाना कामाला येतो. दारूचा धंदा हा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा म्हटले आहे. परवाना ही राज्याने दिलेली मुभा आहे आणि मुभेला अटी घालता येतात. घर खासगी असेल तर असू द्या, पण त्या घरात बार चालवायला शासनाची सही लागते, आणि ती सही दरवर्षी १ एप्रिलच्या आत नव्याने घ्यावी लागते. एफएल-४ देताना सभासदत्वाचे नियम लेखी आणि जाहीर असावेत, जात, धर्म वा लिंगावरून अर्ज फेटाळला जाणार नाही असे त्यात असावे, बारचा हिशेब सर्वसाधारण सभेपुढे यावा, एवढे मागायला संविधान दुरुस्तीची गरज नाही. नियमात बदल पुरतो.

आमच्यातलेच काही जण म्हणतील, आपण पंचशील घेतलेले लोक, बारच्या सभासदत्वासाठी कशाला भांडायचे? धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि ती आम्ही मानतो. पण त्याच बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट फेडरेशनने १९५१ च्या जाहीरनाम्यात दारूबंदी उठवावी आणि अबकारीचे उत्पन्न वाचवावे असेही म्हटले होते. स्वतःचे शील आणि राज्याचा कायदा यांत ते गल्लत करत नव्हते. शिवाय क्लबात फक्त बार नसतो. पोहण्याचा तलाव असतो, टेनिसचे कोर्ट असते, कोणाची मुलगी कुठे नोकरीला लागली हे कळणारी ओळखपाळख असते. ते सगळे एकाच दारामागे आहे.

परवाना नूतनीकरणाआधी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे माहिती अधिकारात तीन गोष्टी मागता येतील. जिल्ह्यात एफएल-४ किती आहेत, त्यांतले किती सरकारी किंवा पालिकेच्या जमिनीवर आहेत, आणि परवाना देताना सभासदत्वाची नियमावली तपासली होती का. अर्जाला १० रुपये लागतात, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.