निंबोळी कुणी वेचली?

गेल्या रब्बीतली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आमच्या महिला गटाची बैठक होती. हरभरा फुलावर आला होता, घाटेअळी दिसू लागली होती. गटातल्या बायांनी पावसाळ्याच्या तोंडाशी वेचून वाळवलेल्या निंबोळ्यांचा अर्क करून फवारला होता. तिसऱ्या दिवशी एक जण वैतागून म्हणाली, "ताई, अळी तं अजून जित्तीच हाये. मेहनत पान्यात गेली." तिच्या नवऱ्याने तोवर कृषी केंद्रातून विषाची बाटली आणलीही होती.

तिची मेहनत पाण्यात गेलेली नव्हती. अर्क काम कसं करतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच.

निंबोळीच्या बीत अझाडिरेक्टिन नावाचं द्रव्य असतं. बहुतेक रासायनिक कीटकनाशकं किडीच्या मज्जासंस्थेवर घाला घालतात, म्हणून कीड लगेच मरून पडते. निंबोळीचं तसं नाही. अर्क लागलेलं पान अळी खाईनाशी होते. थोडं पोटात गेलंच, तर कात टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाचं काम बिघडतं. कात टाकल्याशिवाय अळी वाढू शकत नाही. ती अर्धवट कातीत अडकून मरते, नाहीतर कोषातून धड पतंग निघत नाही. पतंगाची मादीही अशा झाडावर अंडी घालायला कचरते. म्हणून मेलेल्या अळ्या न मोजता नवीन पानं-घाटे किती कुरतडले गेले ते बघायचं असतं. अंडी आणि बारीक अळ्या असतानाच फवारायचं, कारण मोठ्या अळीवर परिणाम कमी होतो. उन्हाने हे द्रव्य लवकर निकामी होतं, म्हणून फवारणी संध्याकाळी करायची आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा करायची.

हे सगळं त्या गावातल्या एका प्रशिक्षणात सांगितलं गेलं होतं. पण तेव्हा सतरंजीवर पुरुष बसले होते आणि बाया मागच्या अंगणात निंबोळ्या कुटत होत्या.

आता या कामाचा हिशोब मांडू. पाच टक्के अर्कासाठी शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी लागते. ती वेचायची, साल काढायची, सावलीत वाळवायची, बुरशीपासून जपायची, कुटायची, रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची. वेचणीचा हंगाम नेमका पेरणीच्या घाईत येतो. तरीही पत्रकात छापतात, 'शून्य खर्चाचे औषध'. यातलं शून्य म्हणजे बाईची मजुरी.

२०१७ साली याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. त्यामुळे हा मार्ग सोडा, असं मी म्हणणार नाही. पण झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, हाही भ्रम आहे. दशपर्णी अर्कात कण्हेर, धोतरा घालतात. तंबाखूच्या काढ्यातलं निकोटिन माणसालाही विषारी आहे. तो काढा उकळणारीच्या हातात हातमोजे असतात का? ती गरोदर आहे का, हे कुणी विचारतं का?

कडुनिंबाच्या तेलापासून केलेल्या बुरशीनाशकाला युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ साली पेटंट दिलं होतं. वंदना शिवा आणि इतरांनी त्याला आव्हान दिलं. २००० साली ते रद्द झालं आणि त्यावरचं अपील २००५ साली, ८ मार्चला, फेटाळलं गेलं. हे ज्ञान आमचं आहे, असं आपण तेव्हा जगाला ठणकावलं. मग गावात ते ज्ञान वापरणारीला सतरंजीवर जागा का नसावी?

आपल्या गटांनी तीन मागण्या धराव्यात: अर्क करणारीलाच प्रशिक्षण, वेचणी-कुटणीला रोजगार हमीच्या दराइतकी तरी मजुरी, आणि काय, केव्हा फवारायचं या निर्णयात तिचं मत. त्या बाईने पुढच्या आठवड्यात स्वतः ओळीओळीने फिरून घाटे मोजले. बाटली अजून फडताळात आहे, न फोडलेली. ती उघडायची की नाही, हे आता दोघं मिळून ठरवणार आहेत.