मावशी, दार लावून घे

वैशाखात मुकुटबनला ताईकडे गेले होते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला उन्हाळा तो! पंख्याखालीही घामाच्या धारा. सोळा वर्षांची भाची मात्र ओढणी काही सोडीना. रात्री हळूच म्हणाली, "मावशी, दार लावून घे." पाहते तो छातीखालच्या घडीत कडा उठलेले लाल चट्टे. तीन महिने झाले होते! ताईने दुकानातून मलम आणून दिले होते; चार दिवस खाज थांबे, की पुन्हा दुप्पट पसरे.

मलमात स्टिरॉइड होते. ते लाली झाकते आणि बुरशीला मोकळे रान देते. अशी मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम २०१८ साली झाला, पाळतो कोण?

यवतमाळला त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवले. कातडी खरवडून तपासली, गजकर्ण निघाले. पोरीला धास्ती कर्करोगाची होती! या वयात तो अगदी विरळा, भगिनींनो. घामाचे साधे चट्टे जागा कोरडी ठेवून, सैल सुती कपडे घातले की ओसरतात. दोन आठवड्यांत हटले नाहीत, पसरले, पू, ताप वा गाठ आली, बोंडातून स्राव आला, तर घरगुती उपाय पुरे. आणि तुमच्या स्वतःच्या एकाच बोंडावर न हटणारा इसब असेल, तर तो लगेच दाखवा; तुमच्या वयात ती गोष्ट वेगळी.

ताईच्या पाठीवरही दोन चट्टे निघाले. घरात टॉवेल एकच होता ना! औषध दोघींना चालू झाले, टॉवेल चार आले.