पाव फ्रीजमध्ये नको

मा. संपादक,

उरलेला पाव फ्रीजमध्ये ठेवला की वाया जात नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखिकेचे म्हणणे मला पटले नाही. फ्रीजमध्ये बुरशी उशिरा धरते, हे खरे. पण त्याच थंडाव्यात पावातला स्टार्च लवकर घट्ट होतो. दुसऱ्या दिवशी पाव कोरडा, वातड लागतो, मुले तोंड फिरवतात आणि तो कचऱ्यातच जातो. आज-उद्या संपणारा पाव बाहेर डब्यात ठेवावा. उरणारा ताजा असतानाच फ्रीझरमध्ये, आणि लागेल तेवढाच काढून थेट तव्यावर. आमच्या जांबे गावात पावसाळ्यातली दमट हवा अशी, की बाहेर एक दिवस पुरे. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच कापून बाकीचा खाऊ नये. मऊ पावात तिचे तंतू खोलवर गेलेले असतात.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले, त्यातले सुमारे ६० टक्के घरांतून. शिळी पोळी आपण कुस्करून फोडणीला टाकतो, गूळ-तूप घालून लाडू वळतो. पाव मात्र सरळ फेकतो, याचे मला फार वाईट वाटते. कांदा, कढीपत्ता, हिरवी मिरची घालून त्याचाही कुस्करा छान होतो. वर लिंबू पिळावे.

– एक गृहिणी, जांबे (ता. मुळशी, जि. पुणे)