केबल घेताना नुसते टोक पाहू नका

चिखलीच्या बाजारात मोबाइलच्या कोणत्याही दुकानात चार्जिंगची केबल सहज मिळते. टोक नीट बसले, पडद्यावर चार्जिंगचे चिन्ह दिसले, की खरेदी संपली. तक्रारी त्यानंतर सुरू होतात. टॅब रात्रभर लावूनही भरत नाही. ई-रीडर संगणकाला जोडला तर चार्ज होतो, पण संगणकाला दिसत नाही. दोष बॅटरीच्या माथी मारला जातो आणि उपकरण दुरुस्तीला जाते. पुष्कळदा दोष केबलचाच असतो.

यूएसबी ही पद्धत 1996 मध्ये आली. तिच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेसाठी, दोन माहितीसाठी. स्वस्त केबलमधून माहितीच्या दोन तारा गाळलेल्या असू शकतात. अशा केबलने चार्जिंग होते, पुस्तक मात्र संगणकातून ई-रीडरमध्ये जात नाही. बाहेरून दोन्ही केबल सारख्याच दिसतात.

दुसरी बाब तारेच्या जाडीची. 28 गेजच्या बारीक तांब्याच्या तारेतून एक मीटर अंतरावर दोन अँपिअर वीज नेली, तर जाता-येता मिळून सुमारे 0.85 व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. पाचातले जेमतेम 4.15 व्होल्ट उपकरणापर्यंत पोहोचतात. 24 गेजच्या तारेत हीच घट सुमारे 0.35 व्होल्ट असते. केबल जितकी लांब आणि बारीक, तितके चार्जिंग संथ आणि केबल गरम.

टाइप-सी हे 24 पिनांचे टोक 2014 मध्ये आले. जुन्या चौकोनी टोकापासून टाइप-सीपर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये 56 किलोओहमचा रोधक बसवणे आवश्यक असते. पलीकडे किती वीज मिळू शकते, हे त्यावरून उपकरणाला कळते. रोधक चुकीचा असेल, तर उपकरण झेपणार नाही इतकी वीज ओढते. बाजारातल्या केबल तपासणारे गूगलचे अभियंता बेन्सन लिअंग यांचा लॅपटॉप 2016 मध्ये अशाच एका तपासणीत निकामी झाला. त्या केबलमधील तारा उलट जोडलेल्या होत्या.

आरोग्याचा धोका मुख्यतः चार्जरमध्ये असतो. घरातील 230 व्होल्टची वीज आणि हातातील पाच व्होल्ट यांच्यामध्ये सुरक्षित अंतर राखणे हे चार्जरचे काम. निकृष्ट चार्जरमध्ये ते अंतर कोलमडले, तर केबलच्या टोकापर्यंत विजेचा धक्का पोहोचू शकतो. म्हणून चार्जिंग सुरू असताना ओल्या हाताने उपकरण हाताळू नये, लहान मुलांच्या हाती केबलचे मोकळे टोक देऊ नये आणि उशीखाली चार्जिंग करू नये. लिथियम बॅटरीला उष्णता बाहेर टाकण्यासाठी हवा लागते.

युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून मोबाइल, टॅब, ई-रीडर यांना टाइप-सी सक्तीचे केले. भारतीय मानक ब्युरोनेही 2023 मध्ये टाइप-सीचे मानक जाहीर केले. घरात एकच केबल पुरेल, ही सोय खरीच. परंतु टोक एक झाले, तरी आतल्या तारा एक झालेल्या नाहीत. उलट सगळ्या केबल एकसारख्या दिसू लागल्याने ग्राहकाची फसगत सोपी झाली आहे.

याची झळ विद्यार्थ्यांना अधिक बसते. 'महाज्योती'कडून मिळालेल्या टॅबवर कोणी नीट, जेईईचा अभ्यास करतो, कोणी बालभारतीची पुस्तके उघडतो. परीक्षेच्या आदल्या रात्री टॅब बंद पडला, तर केबलवर वाचवलेले पन्नास रुपये फार महाग पडतात.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार वस्तूचा दर्जा व क्षमता जाणून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. केबल किती अँपिअर पेलते आणि माहिती वाहून नेते की नाही, हे वेष्टनावर मराठीत ठळक छापलेच पाहिजे. तोवर दुकानदारांनी केबल संगणकाला जोडून दाखवण्याची पद्धत पाडावी. त्याला एक मिनिट लागते. ग्राहकांनी चार्जरवरील 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपवर तपासावा. बियाणे घेताना पिशवीवरचा मजकूर वाचणाऱ्या तालुक्याला हे अवघड नाही.