आधी पुरा, मग उकरा

वाढदिवसाला हल्ली हमखास येणारी एक भेट म्हणजे डायनासोर-उत्खननाचा संच. प्लास्टरची वीट, प्लास्टिकची हातोडी, आत सुटी हाडे. मूल ठोकत सुटते, घरभर पांढरा भुगा होतो आणि तासाभरात सांगाडा शोकेसमध्ये जाऊन बसतो. हाडे दगडात गेली कशी, हा प्रश्न मात्र कुणाला पडतच नाही. जीवाश्म शिकवायचे तर सुरुवात उकरण्यापासून नव्हे, पुरण्यापासून करायला हवी. त्याला स्वयंपाकघर पुरते.

पहिला नमुना अनेकांच्या देवघरातच असतो. शाळिग्राम हा नेपाळमधल्या काली गंडकीच्या खोऱ्यातला काळा गोटा. त्यातले चक्र ही अमोनाइट या शंखधारी सागरी प्राण्याची खूण. आज जिथे हिमालय आहे, तिथे तेव्हा समुद्र होता. तुळशीच्या लग्नाला शाळिग्राम ताम्हनात आला की आजीने पूजा सांगावी, आईबाबांनी समुद्राची गोष्ट. दोन्ही एकाच ताटात मावतात.

मग कणीक घ्यावी. घट्ट गोळ्यावर तेलाचा हात फिरवून शिंपला दाबला आणि अलगद उचलला, की साचा तयार. त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून ते पुरते घट्ट झाल्यावर सोडवले, की शिंपल्याची रेघ न् रेघ हातात. त्यात मूळ शिंपल्याचा कणही नसतो. गाळात पुरलेले कवच विरघळते, पोकळी उरते आणि तीत खनिजे भरतात, ते असेच. प्लास्टर घट्ट होताना तापते, म्हणून कालवायचे काम मोठ्यांचे. उरलेले मोरीत ओतू नये, पाइप तुंबतो.

हाडाच्या आकाराचा स्पंज मिठाच्या दाट पाण्यात भिजवून वाळवला, तर छिद्रांत मीठ बसून तो कडक होतो. जीवाश्म होताना हाड जड का होते, ते मुलाला हातावर तोलून कळते.

मुलांना सर्वांत भावेल ते अश्मीभूत शेण. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला ते सापडते. त्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले आणि डायनासोरांच्या काळी गवत नव्हते, हा समज मोडला. 2011 मध्ये तिथेच भाताच्या जवळच्या गवतांचा माग लागला. घरी एकाने कणकेच्या गोळ्यात तांदूळ, मोहरी, पेरूच्या बिया लपवून तो वाळवावा. दुसऱ्याने फोडून ‘हा प्राणी काय जेवला?’ ते वहीत लिहावे. मोठ्यांनी उत्तर सांगू नये, फक्त ‘कशावरून?’ एवढेच विचारत राहावे. डायनासोरांची वीस नावे पाठ असण्यापेक्षा हा एक प्रश्न अंगवळणी पडणे मोलाचे, कारण जीवाश्मांचा अभ्यासकही दिवसभर हेच करतो.

महाराष्ट्राचा काळा दगड लाव्हाचा, म्हणून इथे जीवाश्म कुठले, असे म्हणून विषय संपवणारे बरेच. पण सगळा लाव्हा एका दमात ओतला गेला नाही. दोन लोटांच्या मध्ये बराच काळ जाई, तळी साचत, त्यांच्या काठी जीव नांदत आणि त्यांच्या गाळावर पुढचा लोट पसरे. बरणीत वाळू, माती, पुन्हा वाळू असे थर देऊन मधल्या थरात एक पान दडवले, तर हा इतिहास मुलाला बाहेरूनच दिसतो.

मुंबईत वरळीला अशाच मधल्या थरात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म मिळाले. त्यांचे वर्णन 1847 मध्ये रिचर्ड ओवेन यांनी केले. डायनासोरांना त्यांचे नाव देणारे ओवेन ते हेच. वरळी सी-फेसला मुलांना फिरायला नेणाऱ्यांनी, कणीस हातात देताना, एवढी गोष्ट जरूर सांगावी.