हप्ता तोच, मुदत मात्र लांबलेली

गृहकर्जाच्या खात्यात झालेली चूक सहसा वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस पडत नाही. हप्ता ठरल्या तारखेला कापला जातो, त्याचा आकडाही तोच असतो, म्हणून कर्जदार निर्धास्त राहतो. खात्यात काही बिघडले, तर त्याचा परिणाम दिसतो तो शिल्लक मुद्दलात आणि परतफेडीच्या मुदतीत. आणि हे दोन आकडे दरमहा पाहणारे कर्जदार फार थोडे.

म्हैसूर जिल्ह्यातील सरगूर या आमच्या कपिलाकाठच्या गावी माझ्या थोरल्या बंधूंनी कर्ज काढून घर बांधले. ते शाळेत शिक्षक होते. निवृत्तीपूर्वी कर्जाचा भार हलका व्हावा, म्हणून त्यांनी साठवलेले एक लाख रुपये खात्यात भरले. चौदा महिन्यांनी खातेउतारा मागवला, तेव्हा ती रक्कम मुद्दलातून वजा न होता ‘आगाऊ हप्ते’ या नोंदीखाली पडून असल्याचे दिसले. साडेनऊ टक्के दराने एक लाखावरचे व्याज महिन्याला ७९१ रुपये होते. चौदा महिन्यांत ते अकरा हजारांच्या पुढे गेले. शाखेने आधी दोष त्यांच्यावरच ढकलला. रक्कम मुद्दलात जमा करावी, असे स्पष्ट लिहिलेल्या अर्जाची पोच त्यांनी जपून ठेवली होती, म्हणून चार-पाच खेपांनंतर दुरुस्ती झाली. पोच हरवली असती, तर काय झाले असते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

असे प्रकार एकट्यादुकट्या शाखेपुरते नाहीत, हे रिझर्व्ह बँकेनेच नोंदवले आहे. २९ एप्रिल २०२४च्या परिपत्रकानुसार, काही वित्तसंस्था रक्कम हाती पडल्यापासून नव्हे, तर मंजुरीच्या किंवा करारनाम्याच्या तारखेपासून व्याज लावत होत्या. काही ठिकाणी महिन्याच्या मधल्या दिवशी कर्ज दिले वा फिटले, तरी व्याज पूर्ण महिन्याचे घेतले जात होते. तपासणीत हे आढळल्यावर जादा घेतलेले व्याज ग्राहकांना परत करण्यास सांगण्यात आले. म्हणजे चूक शोधण्याची आणि पैसे परत करण्याची जबाबदारी संस्थेवर टाकता येते.

व्याजदरांच्या चढउतारात तर ही गरज अधिकच तीव्र होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. सात टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतलेल्या वीस लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे १५,५०६ रुपये होतो. दोन वर्षांनी साधारण १९ लाख मुद्दल शिल्लक असताना दर साडेनऊवर गेला, तर महिन्याचे व्याजच १५,०४२ रुपये होते. मुद्दल फिटते अवघे ४६४ रुपयांनी. हप्ता तोच ठेवला, तर उरलेली अठरा वर्षे सदतीस होतात. मुदत तीच ठेवायची, तर हप्ता सुमारे १८,३९० रुपये करावा लागतो. यांतले काय परवडेल, हे घर चालवणाऱ्यालाच ठाऊक असते. त्याला न विचारता मुदत वाढवणे म्हणजे निवृत्तीनंतरच्या मिळकतीवर परस्पर हक्क सांगणे होय.

म्हणूनच १८ ऑगस्ट २०२३चा आदेश महत्त्वाचा आहे. हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही थोडे थोडे, ही निवड कर्जदाराला द्यावी, असे त्यात म्हटले आहे. दर तिमाहीस आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दाखवणारा सोपा उतारा देणेही बंधनकारक आहे.

पण सोपा म्हणजे कोणाला सोपा? बंधूंच्या हाती आलेला उतारा इंग्रजीत होता, संक्षेपांनी भरलेला. जो वाचता येत नाही, त्यातली चूक कोण दाखवणार? माझ्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात. उतारा कर्जदाराच्या भाषेत असावा आणि मागील तिमाहीपेक्षा मुदत किती व का बदलली, हे त्यात एका वाक्यात सांगितलेले असावे. एका खात्यात हिशेबाची चूक सिद्ध झाली, की तशी सर्व खाती संस्थेने स्वतः तपासावीत आणि जादा रक्कम तक्रारीची वाट न पाहता व्याजासह परत करावी. तक्रार उभी राहिली, तर नोंद बरोबर आहे हे सिद्ध करण्याचा भार नोंद ठेवणाऱ्यावर असावा.

तोवर कर्जदाराने स्वतःचे रक्षण करावे. जादा रक्कम भरताना ती मुद्दलात जमा करावी, असे लेखी द्यावे, पोच घ्यावी आणि पुढच्या महिन्याचा उतारा पाहावा. बँकेकडून तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. कर्ज गृहवित्त कंपनीचे असेल, तर दाद राष्ट्रीय आवास बँकेकडे मागायची असते. हा फरक ठाऊक नसल्याने पुष्कळांचे अर्ज भलत्याच दारी जातात.

बंधूंचे कर्ज आता फिटले आहे. त्या अर्जाची पोच मात्र त्यांनी अजून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवली आहे. आपला हिशेब खरा ठरवण्यासाठी सामान्य माणसाला कागदाचा एक तुकडा जन्मभर सांभाळावा लागू नये, एवढे तरी कोट्यवधींच्या ठेवी सांभाळणाऱ्या व्यवस्थेला जमायला हवे.